बावन्न पानांचं परीक्षण

पुस्तकाचं परीक्षण लिहिणाऱ्याला एक मोठी सवलत असते. पुस्तक न वाचताही ते लिहिता येतं. मलपृष्ठ, प्रस्तावना आणि किंमत एवढ्या भांडवलावर आजवर कित्येक परीक्षणं उभी राहिली आहेत. पत्त्यांच्या कॅटची तशी सोय नाही. कॅट खेळल्याशिवाय त्यावर मत देणं म्हणजे ताटातली जिलबी मोजून तिची चव सांगणं. म्हणून प्रस्तुत परीक्षकानं परीक्षणाधीन कॅट सलग तीन रविवार खेळला आणि मगच टाक हाती घेतला, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रस्तुत कॅटचे कर्ते आमच्या रेणापूरचे एक निवृत्त चित्रकला शिक्षक. सगळा गाव त्यांना गुरुजी म्हणतो. आयुष्यभर मुलांकडून तांब्या आणि आंबा काढून घेतल्यावर आता आपण काही काढावं असं त्यांना वाटलं आणि त्यांनी मराठवाड्याचा स्वतंत्र कॅट काढला. इस्पिक, बदाम, चौकट आणि किल्वर या चौघांना नारळ देऊन त्यांच्या जागी ज्वारी, तूर, सोयाबीन आणि ऊस यांची नेमणूक केली. राजाच्या जागी शेतकरी, राणीच्या जागी शेतकरीण आणि गुलामाच्या जागी आडत्या. आडत्याला गुलाम करण्याचं हे धाडस केवळ कागदावरच शक्य आहे, पण आहे खरं! जोकर म्हणून बँकेचा कारकून बसवला आहे. तो कोणावरून काढला याची मी चौकशी केली नाही. त्याच्या चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली आहे, आणि अशी काडी रेणापुरात एकच आहे.

आता कोणी म्हणेल, हौशी माणसानं हे उद्योग करावेत कशाला? तर वाचकहो, या धंद्यातले मोठे लोक हौशीच होते. खुद्द अकबर बादशहा त्यातला. त्याचा पणजोबा नव्हे, आजोबा बाबर. त्यानं १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद स्वतःच करून ठेवली आहे. नातवाला नुसतं खेळून समाधान होईना. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त बारा रंगांच्या आणि १४४ पत्त्यांच्या गंजिफांचं वर्णन आहे. त्यात अश्वपती म्हणजे घोड्यावर बसलेला दिल्लीचा बादशहा, गजपती हत्तीवरचा आणि नरपती विजापूरच्या राजांसारखा पायदळवाला. पुढे अकबरानं आठ रंगांच्या खेळातही हात घातला. त्यातला एक रंग 'बरात', म्हणजे सरकारी कागदपत्रं. त्याचा राजा फर्मानं तपासतो, वजीर दफ्तर पुढ्यात घेऊन बसतो आणि खालच्या पत्त्यांवर कागद करणारा, रेघा आखणारा, पुस्तक बांधणारा अशी सगळी मंडळी आहेत. त्यातच दफ्तरात नोंदी करणारा कारकूनही आहे! चारशे वर्षांपूर्वी ज्या जातीला रीतसर नंबराचा पत्ता मिळाला होता, तिला रेणापुरात जोकर व्हावं लागावं, ही माझी गुरुजींकडे पहिली तक्रार.

दुसरं उदाहरण म्हैसूरच्या तिसऱ्या कृष्णराज वोडेयरांचं. एकोणिसाव्या शतकात त्यांनी स्वतः पत्त्यांचे एकाहून एक अवघड खेळ रचले. एक तर सोळा रंगांचा, ३२० पत्त्यांचा. तो राजवाड्याबाहेर काही रुजला नाही. रुजेल कसा? पत्ते पिसून होईपर्यंत जेवणाची वेळ व्हायची. हौसेला अंगणापुरतं तरी कुंपण हवं. गुरुजी बावन्नावर थांबले, हा त्यांचा मोठा गुण मी आधीच नोंदवतो.

आता दोष. पहिला दोष हिरवा रंग. तुरीची शेंग हिरवी, सोयाबीनची शेंग हिरवी, उसाचं पान हिरवं. हातात तेरा पत्ते उघडले की पत्ते न दिसता जुलै महिना दिसतो. आमचा शिपाई पहिल्याच डावात म्हणाला, "गुरुजी, ही तूर हाय का सोयाबीन? मळणी करून बघू का?" दोन लाल, दोन काळे ही जुनी व्यवस्था ज्यानं केली त्याला शेतीतलं काही कळत नसेल, पण डोळ्यातलं कळत होतं.

दुसरा दोष कोपऱ्याचा. माणूस पत्ता कधीच पूर्ण बघत नाही. पंख्यासारखा उघडला की नखाएवढा कोपरा दिसतो, आणि त्या नखावर सगळा संसार चालवायचा असतो. गोऱ्या लोकांनासुद्धा हे कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. तेव्हा कुठे कोपऱ्यातले आकडे रूढ झाले. गुरुजींनी कोपऱ्यात आकडा दिला आहे, पण वेलबुट्टीच्या आत. तो शोधून काढणाऱ्याला वेगळं बक्षीस हवं.

तिसरा दोष सर्वांत गंभीर. पत्त्यांच्या पाठीवर गुरुजींनी रेणुकादेवीच्या देवळाचं शिखर छापलं आहे. भक्ती मान्य. पण शिखराला वर-खाली असतं. तिसऱ्या डावापर्यंत कोणता पत्ता उलटा आहे हे शिपायानं पाठ केलं आणि चौथ्यापासून आम्ही हरायला लागलो. नोटा मोजण्यात जन्म गेलेला माणूस म्हणून सांगतो, पत्त्याचं चारित्र्य त्याच्या पाठीवर असतं. समोरून वाटेल तेवढं नटा. पाठ मात्र सगळ्यांची सारखी हवी. कागदाबद्दल बोलत नाही. तो लग्नपत्रिकेचा आहे आणि दोनदा पिसल्यावर तसाच वागतो.

एवढं झाल्यावर परीक्षण संपवायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या रविवारी मेंढीकोट चालू असताना एक गोष्ट घडली. हुकूम होता सोयाबीन. एकानं ऐटीत ज्वारीचा शेतकरी उतरवला. शेवटच्या भिडूकडे ज्वारी नव्हती. त्यानं शांतपणे सोयाबीनची दुर्री टाकली आणि शेतकऱ्याला उचलून नेलं. क्षणभर कोणी बोललं नाही. मग शिपायाचे सासरे म्हणाले, "खरंच हाय की वो. माझ्या रानात बी असंच झालं. ज्वारी गेली, सोयाबीन आलं."

हे गुरुजींनी कुठल्याही पत्त्यावर काढलेलं नव्हतं! ते खेळात होतं. पत्त्याचा अर्थ चित्रात नसतो, एक पत्ता दुसऱ्याला कधी मारतो त्यात असतो.

याच मापानं सावंतवाडीच्या गंजिफांकडे बघा. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी राजा, प्रधान आणि एक ते दहा. एकूण १२० गोल पत्ते. माशाची, कासवाची, परशूची खूण लांबून ओळखावी. पाठ एकरंगी, वर लाखेचा हात. म्हणजे गुरुजी जिथे जिथे घसरले तिथे तिथे चितारी मंडळी घट्ट उभी. आणि नियम तर असे की दिवसा खेळलात तर उतारी रामाच्या राजाची, रात्री खेळलात तर कृष्णाच्या राजाची. निम्म्या रंगांत दहा मोठा, निम्म्यांत एक मोठा. अगदी वरून परिपत्रक आल्यासारखं! सत्तरच्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी मरणपंथाला लागलेल्या या कलेला राजवाड्यात जागा दिली, म्हणून आज ते पत्ते बघायला तरी मिळतात.

'बघायला' हेच दुखणं आहे. आपल्याकडे गंजिफा येतात त्या चौकटीत बसून. लग्नात, निरोपसमारंभात दिल्या जातात, सोफ्यावर टांगल्या जातात. घेणाऱ्याला विचारा, रात्री उतारी कोणाची? तो खिळा किती इंची लागेल ते सांगेल. कारागीर वाचला, कला वाचली, याचा आनंद आहेच. पण भिंतीवरचा कृष्ण रात्र झाली तरी उतारी करत नाही. खेळणारे तिघे बसले तरच तो राजा. नाहीतर दहा अवतार घेऊनही देव सोफ्यावरच.

तेव्हा गुरुजींना दुसऱ्या आवृत्तीसाठी सूचना अशा: ज्वारी पिवळी करा, ऊस जांभळा करा, आकडा वेलीतून सोडवा, देऊळ पाठीवरून उतरवून खोक्यावर न्या आणि कारकुनाला किमान तिर्रीचा दर्जा द्या. पण पहिली आवृत्ती रद्दीत घालू नका. आमच्या शिपायाकडचा कॅट तिसऱ्या रविवारीच कोपऱ्यात मळला, उसाच्या छक्क्यावर चहा सांडला, आणि तो छक्का आता पाठीवरून सगळ्यांनाच ओळखू येतो. एवढं भाग्य भल्याभल्या चित्रांना लाभत नाही.