गंजलेली गाडी आणि दात्याचा रंग

दारिद्र्याचे दर्शन घडवणे आणि दारिद्र्याचे प्रदर्शन मांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक मराठी वाचकाला दलित साहित्याने शिकवला. फाटक्या लुगड्याचे वर्णन आपल्या कवींनीही केले आणि दयाबुद्धीच्या लेखकांनीही केले. पण पहिल्याने लुगडे कोणी फाडले ते विचारले, आणि दुसऱ्याने ठिगळ लावून स्वतःची पाठ थोपटून घेतली. हेच माप मी येथे एका दूरचित्रवाणी कार्यक्रमाला लावणार आहे.

कार्यक्रम अमेरिकेतला आहे, मोटारींचा आहे, आणि वरवर पाहता आपल्या चळवळीशी त्याचा काही संबंध नाही. परंतु माझे विद्यार्थी त्याच्या चित्रफिती मोबाइलवर आवडीने पाहतात. 'सर, गरीब पोराची मोडकी गाडी फुकटात नवी करून देतात. त्यात वाईट काय?' असे त्यांच्यातल्या एकाने मला विचारले. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला टाळून चालणार नाही.

'पिंप माय राइड' हा कार्यक्रम एमटीव्ही या वाहिनीने मार्च २००४ मध्ये सुरू केला आणि तो २००७ पर्यंत चालला. प्रत्येक भागाची रचना ठरलेली. लॉस एंजेलिस परिसरातला एखादा तरुण किंवा तरुणी आपल्या खटारा गाडीचे हाल कॅमेऱ्यापुढे सांगते. दार दोरीने बांधलेले, पत्रा सडलेला, सीट फाटलेली. मग एक्झिबिट हा प्रसिद्ध कृष्णवर्णीय रॅप गायक अचानक दारात उभा राहतो. मालक आनंदाने किंचाळतो. एक्झिबिट गाडीभोवती फिरतो, तिची यथेच्छ टिंगल करतो आणि ती गॅरेजमध्ये नेतो. हे गॅरेज आधी 'वेस्ट कोस्ट कस्टम्स' होते, नंतर 'गॅल्पिन ऑटो स्पोर्ट्स'. तेथे कारागीर ती गाडी सोलून काढतात, झळाळता रंग देतात, मोठी चाके बसवतात, आत दूरचित्रवाणीचे पडदे आणि खेळाची यंत्रे लावतात. शेवटी पडदा बाजूला होतो, मालकाच्या डोळ्यांत पाणी येते, आणि तो वाहिनीचे नाव घेऊन कॅमेऱ्यात पाहत आभार मानतो.

नावातल्या पहिल्या शब्दाचा मूळ अर्थ बाईच्या देहावर जगणारा दलाल असा आहे. 'गोलपिठा' (१९७२) ज्याने वाचला त्याला या शब्दामागचे जग समजावून सांगायला नको. अमेरिकन बोलीत त्याला पुढे 'झगमगीत सजवणे' असा अर्थ चिकटला. ज्या धंद्यात देह एकीचा आणि कमाई दुसऱ्याची, त्या धंद्याचा शब्द या कार्यक्रमाच्या कपाळावर आहे. तो किती चपखल आहे हे पुढे दिसेल.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. या कार्यक्रमावर अभिजनांनी घेतलेला आक्षेप 'भडकपणा'चा आहे. गाडीत इतके पडदे कशाला, इतका रंग कशाला, ही अभिरुची हीन आहे, असे ते म्हणतात. हा आक्षेप मला मान्य नाही. भडक, बटबटीत, असंस्कृत ही विशेषणे आपल्या साहित्यालाही लावली गेली आहेत. ज्यांच्या वाट्याला आयुष्यभर मळकट रंग आला त्यांनी लखलखीत रंग मागितला तर तो अभिरुचीचा अभाव नव्हे, तो नकार आहे. म्हणून मी रंगावर टीका करणार नाही. रंग कोणी दिला, कोणाच्या अटीवर दिला आणि तो रंग मुळात कोणाचा होता, हे माझे प्रश्न आहेत.

तो रंग मुळात मेक्सिकन वंशाच्या कामगारांचा होता. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लॉस एंजेलिसच्या वस्त्यांत या चिकानो तरुणांनी जुन्या शेव्हरोले घेतल्या, त्या जमिनीलगत खाली बसवल्या आणि संथपणे रस्त्यावरून फिरवल्या. गोऱ्या तरुणांची मोटारसंस्कृती वेगाची होती. यांनी मुद्दाम संथपणा निवडला, कारण त्यांना पुढे जाऊन कोणाला हरवायचे नव्हते, दिसायचे होते. या गाड्यांना 'लोरायडर' म्हणतात. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात नियम आला की गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खाली असता कामा नये. पोलिसांना दंड करायला निमित्त मिळाले. १९५९ मध्ये रॉन ॲगिरे यांनी विमानांच्या भंगारातील हायड्रॉलिक सुटे भाग आपल्या गाडीला जोडले. कळ दाबली की गाडी वर, कळ दाबली की खाली. पोलीस दिसला की गाडी कायदेशीर, पोलीस गेला की पुन्हा जमिनीलगत. ही हुशारी पुढे कला झाली. कृष्णवर्णीय वस्त्यांनीही ती आपली मानली. गाड्यांवर ग्वादालुपेची माता आणि ॲझ्टेक पूर्वज रंगवले गेले. 'जिप्सी रोझ' ही गुलाबांनी चितारलेली १९६४ ची इम्पाला अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीत २०१७ मध्ये दाखल झाली.

या गाड्या ज्या व्हिटियर बुलेव्हार्डवर फिरत, त्याच रस्त्यावर २९ ऑगस्ट १९७० रोजी व्हिएतनाम युद्धाविरोधी चिकानो मोर्चाच्या दिवशी पत्रकार रुबेन सालाझार शेरीफच्या शिपायाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने ठार झाले. रस्त्यावर सजून हिंडणे आणि रस्त्यावर हक्क मागणे, दोन्ही सत्तेला सारखेच खुपत होते. पुढे अनेक शहरांनी अशा फेऱ्यांवर बंदी घातली. ही बंदी आणि १९५८ चा तो नियम कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून रद्द केला. तो १ जानेवारी २०२४ पासून अमलात आला. म्हणजे 'पिंप माय राइड' जगभर गाजत होता तेव्हा, ज्यांनी ही कला घडवली त्यांना स्वतःच्या खर्चाने सजवलेली गाडी रस्त्यावर हळू चालवण्याबद्दल दंड होऊ शकत होता. कलेवर बंदी आणि कलेच्या नकलेला प्रायोजक, हा व्यवहार आपल्याला अपरिचित नाही. तमाशा करणारी पावले गावकुसाबाहेर आणि लावणीचा रंगमंच शहरात, हे आपण पाहिले आहे.

लोरायडरचे वैशिष्ट्य असे की पाना मालकाच्या हातात असे. कामगार आठवड्याच्या पगारातून एकेक भाग विकत घेई, भाऊ वेल्डिंग करी, मित्र सीट शिवून देई, क्लबातले लोक रविवारी हात लावीत. गाडी पुरी व्हायला वर्षे लागत. ती वर्षे वाया जात नसत. त्यातून कौशल्य, क्लब आणि समूहाची जाणीव तयार होई. दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमात मालक काहीच करत नाही. गाडी नेली जाते, तो घरी थांबतो. रंगही तो ठरवत नाही. त्याच्याकडे दोनच कामे आहेत: आधी लाज दाखवणे आणि नंतर आनंद दाखवणे.

आता दुसरा प्रश्न. ही गाडी गंजली कशी? कार्यक्रमात त्याचे उत्तर विनोदात दिले जाते. जणू मालक आळशी, गबाळा आणि गाडी त्याच्यासारखी. पण लॉस एंजेलिस हे मोटारी बनवणारे शहर होते. साउथ गेट येथील फायरस्टोनचा टायर कारखाना १९८० मध्ये बंद झाला. त्याच भागातला जनरल मोटर्सचा कारखाना १९८२ मध्ये, व्हॅन नाइसचा १९९२ मध्ये. ज्यांच्या पगारातून इम्पाला रंगत होत्या तो पगार गेला. दुसरीकडे बसची दुरवस्था. १९६५ मध्ये वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत उठाव झाला तेव्हा सरकारने नेमलेल्या मॅकोन आयोगानेच लिहिले की अपुरी व महाग सार्वजनिक वाहतूक गरिबांच्या नोकरीच्या आड येते. त्यानंतर २९ वर्षांनी, १९९४ मध्ये, त्याच शहरातील बस प्रवाशांच्या संघटनेला वाहतूक प्राधिकरणाविरुद्ध वांशिक भेदभावाचा दावा लावावा लागला. १९९६ मध्ये न्यायालयापुढे समझोता झाला आणि १० वर्षांसाठी प्राधिकरणावर बसमधील गर्दी कमी करण्याचे बंधन आले. म्हणजे हा कार्यक्रम सुरू होता त्या काळातच त्या शहरातल्या मोलकरणी, सफाई कामगार आणि विद्यार्थी चांगल्या बससाठी संघटितपणे भांडत होते. पडद्यावर त्यांचा मागमूस नाही. तेथे मोडकी गाडी हा एका पोराचा वैयक्तिक दुर्दैवविलास आहे आणि त्यावर उपाय म्हणजे एका पोराला लागलेली लॉटरी.

एप्रिल २००७ मधल्या वसुंधरा दिनाच्या विशेष भागात एका १९६५ च्या इम्पालाला जैवइंधनावर चालणारे प्रचंड ताकदीचे डिझेल इंजिन बसवले गेले आणि ते पाहायला राज्याचे गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर स्वतः गॅरेजमध्ये आले. ज्याच्या हाती राज्याच्या वाहतुकीचे धोरण, तो एका गाडीचे कौतुक करून गेला. बसचा प्रश्न तेथे विचारायला कोणी नव्हते.

२०१५ मध्ये 'हफिंग्टन पोस्ट'ने या कार्यक्रमात भाग घेतलेल्या काहींच्या मुलाखती छापल्या. गाडी अधिक वाईट दिसावी म्हणून चित्रीकरणाआधी तिच्यात कचरा टाकला गेला, गाडी परत मिळायला काही महिने लागले, पडद्यावर दाखवलेल्या काही वस्तू नंतर काढून घेतल्या गेल्या, रंग नवा असला तरी यंत्राची दुखणी उरलीच, असे त्यांनी सांगितले. काही वस्तू सुरक्षिततेसाठी काढल्या असा खुलासा निर्मात्यांच्या बाजूने झाला. तो खरा धरला तरी प्रश्न उरतोच. जी वस्तू रस्त्यावर धोक्याची आहे ती कॅमेऱ्यासमोर भेट म्हणून का दिली? उघड आहे, ती मालकासाठी नव्हतीच, प्रेक्षकासाठी होती. आणि गरिबी खरी असूनही तिच्यात वरून कचरा का ओतावा लागला? कारण खरी गरिबी बहुधा नीटनेटकी असते. ती भांडी घासून ठेवते, कपड्याला इस्त्री करते. दात्याला ती पुरेशी गरीब वाटत नाही.

हे मी पुस्तकातून बोलत नाही. बारावीनंतर एका समारंभात मला शिष्यवृत्ती मिळाली. मंचावर बोलावण्यापूर्वी निवेदकाने आमच्या घराचे वर्णन वाचले: पत्र्याची खोली, वडिलांची हमाली, आईची धुणीभांडी. वडिलांना दारूडे ठरवणारे एक वाक्यही त्यात होते. माझ्या वडिलांनी कधी दारूला स्पर्श केला नव्हता. ते तिसऱ्या रांगेत बसले होते. टाळ्या झाल्या, पुठ्ठ्याचा मोठा धनादेश हातात देऊन फोटो काढला गेला. खरे पैसे पुढल्या वर्षी आले. ते मी घेतले आणि त्यावर प्रवेश घेतला, हे लपवण्याचे कारण नाही. पण तो फोटो आईने भिंतीवर कधी लावला नाही.

म्हणून त्या कार्यक्रमातल्या पोरांच्या डोळ्यांतले पाणी मला खोटे वाटत नाही आणि त्यांनी गाडी घेतली याबद्दल मी त्यांना दोष देत नाही. एक्झिबिटलाही खलनायक ठरवणे सोपे पण चुकीचे होईल. त्याच्या थट्टेत वस्तीतल्या थोरल्या भावाची ऊब आहे. कारागिरांचे कसब तर अस्सल आहे. परंतु वाहिनी एक्झिबिटची नव्हती. प्रायोजकांच्या मालाची नावे आपल्याला ऐकू येतात, कारागिराची मजुरी किती हे कधी ऐकू येत नाही. काळा चेहरा, कष्टकरी हात आणि गरिबाचे अश्रू, या तिन्हींवर जाहिरातीचे उत्पन्न तिसऱ्याचे. नावातला तो शब्द चपखल आहे असे मी म्हटले ते यासाठी.

वाहनाकडे कसे पाहावे हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये त्यांनी १९२९ सालची चाळीसगावची हकिकत लिहिली आहे. अस्पृश्याला टांग्यातून नेण्यास एकही टांगेवाला तयार होईना. पाहुण्याने पायी चालावे हे वस्तीतल्या लोकांना मानवेना. त्यांनी टांगा भाड्याने घेतला आणि त्यांच्यातल्याच एकाने, सवय नसताना, लगाम हाती धरले. पुलावर टांगा अडखळला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. वरवर पाहणाऱ्याला ही अडाणी हाकणाऱ्याची चूक दिसेल. बाबासाहेब तेथे थांबले नाहीत. हाकता न येणारा माणूस टांग्यावर का बसला होता, हे त्यांनी विचारले, आणि उत्तर जातिव्यवस्थेपाशी जाऊन पोहोचले. मोडक्या वाहनापासून मोडक्या समाजापर्यंत जाण्याची ही पद्धत आहे. 'पिंप माय राइड' नेमका तोच रस्ता बंद करतो. तो गाडीपाशी थांबतो, हसतो आणि रंग लावतो.

त्याच अमेरिकेत दुसरे उदाहरणही आहे. १९५५-५६ मध्ये मॉन्टगोमेरी येथील कृष्णवर्णीयांनी भेदभाव करणाऱ्या बसवर ३८१ दिवस बहिष्कार टाकला. तेव्हा लोकांनी आपल्या जुन्या गाड्या एकमेकांसाठी रस्त्यावर आणल्या. चर्चच्या नावावर गाड्या घेतल्या गेल्या, ठिकठिकाणी थांबे ठरले, मोलकरणींना कामावर पोहोचवले गेले. त्या गाड्यांत पडदे नव्हते. त्या बंद पाडण्यासाठी विमा रद्द केला गेला, शहराने न्यायालयातून मनाई आणली. दात्याच्या झगमगीत गाडीची सत्तेला कधी भीती वाटली नाही. या जुन्या गाड्यांची वाटली.

प्राचार्य म. ना. वानखेडे यांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याकडे आपले लक्ष वेधले आणि १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले. तेव्हापासून अमेरिकेतल्या दलितांशी आपले नाते आहे. आज त्यांचे संगीत आणि त्यांचा पेहराव आपल्या मुलांच्या मोबाइलवर येतो. तो येऊ द्यावा. पण तो कोणाच्या गॅरेजमधून येतो हे विचारण्याची सवय आपण शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी मुलांना लावली पाहिजे.

तर ज्या विद्यार्थ्याने प्रश्न विचारला त्याला माझे उत्तर असे. गाडी मिळाली त्यात वाईट काही नाही. तुला मिळाली तर जरूर घे आणि कॉलेजला वेळेवर ये. पण तिच्यासाठी तुझ्या बापाची थट्टा ऐकून घेऊ नकोस, आपल्या घरात नसलेला कचरा आपला म्हणू नकोस. आणि वस्तीपर्यंत एसटी का येत नाही, हा अर्ज लिहायचा राहिला असेल तर या आठवड्यात माझ्याकडे ये. आपण दोघे मिळून तो लिहू.