बर्निनी : रंगमंच आणि वेदी

रोमच्या संत पेत्र महामंदिरासमोरील प्रांगणाचे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. २८४ स्तंभांच्या ज्या दोन अर्धवर्तुळाकार रांगा येणाऱ्याला कवेत घेतात, त्यांचे रचनाकार जियान लोरेन्झो बर्निनी (१५९८–१६८०). हे ख्रिस्तसभामातेचे पसरलेले बाहू आहेत, असा अर्थ त्यांनी स्वतःच सांगितला होता. हा थोर शिल्पकार व वास्तुकार नाटककारही होता, याचे स्मरण मात्र क्वचितच होते.

प्रायश्चित्तकाळापूर्वीच्या कार्निव्हलमध्ये ते स्वतः रचलेली प्रहसने सादर करीत. १६३८ साली त्यांनी रंगमंचावर तैबर नदीचा पूर आणला. बांध फुटला, पाणी प्रेक्षकांकडे धावले, लोक भयभीत होऊन उठले. आणि नेमक्या क्षणी अडसर वर येऊन पाणी वळले.

अशा किमयागाराने वेदीपाशी यावे काय? देखावा भक्तीला मारक ठरतो, हा आक्षेप जुनाच आहे. आमच्या मते त्याचे उत्तर सांता मारिया देल्ला व्हित्तोरिया चर्चमधील कोर्नारो चॅपेलात (१६४७–५२) मिळते. दडवलेल्या खिडकीतून उतरणाऱ्या प्रकाशात संत तेरेजा देवप्रीतीने विद्ध झाली आहे. दोन्ही बाजूंस, नाट्यगृहात असावेत तशा सज्जांत, कोर्नारो घराण्यातील पुरुष संगमरवरात कोरले आहेत. कोणी वाचतो, कोणी शेजाऱ्याशी बोलतो. कदाचित ते त्या रहस्याचीच चर्चा करीत असतील. पण चर्चा म्हणजे दर्शन नव्हे. लटक्या पुराने सारे प्रेक्षक उठले. येथे स्वर्ग उघडला तरी कित्येकांची मान वळत नाही. हे मर्म नाटककारालाच दिसावे! मिस्सेच्या वेळी वेदीपाशी उभे असताना ते सज्जे आम्हांला आठवतात. आणि पुष्कळदा आमचेही चित्त तेथेच बसलेले आढळते.

बर्निनींचे जीवन निष्कलंक नव्हते. त्याच १६३८ साली मत्सरापोटी त्यांनी कोस्तान्झा या विवाहित स्त्रीच्या चेहऱ्यावर नोकराकरवी वार करविले. गौरव करताना हे झाकू नये. पुढे, १६४६ मध्ये, महामंदिरावर त्यांनी उभारलेला घंटामनोरा पाडण्यात आला व त्यांची मोठी मानहानी झाली. तेरेजा साकारली ती त्यानंतर.

पोपमहोदयांच्या भव्य समाध्या घडविणारा हा कलावंत सांता मारिया मज्जोरे महामंदिरात जमिनीतील एका साध्या फरशीखाली विसावला आहे. तेथे सज्जा नाही, पडदा नाही, टाळ्याही नाहीत.