शिस्त आणि उंबरठा

मी शिस्तीचा भोक्ता. पण मोनिक मॉरिस यांच्या ‘पुशआउट’ (२०१६) या इंग्रजी पुस्तकाने मला विचारात पाडले. अमेरिकेत १९९४ च्या कायद्याने शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षभर काढून टाकण्याचा दंडक घातला. पुढे हीच कठोरता उलट उत्तरे, पोशाख असल्या क्षुल्लक अपराधांवरही उतरली. २०११-१२ च्या शालेय वर्षात तेथील सरकारी शाळांतून कृष्णवर्णीय मुलींपैकी १२ टक्के निलंबित झाल्या. गोऱ्या मुलींपैकी अवघ्या २ टक्के. लेखिका आकड्यांपाशी न थांबता त्या मुलींनाच बोलते करते, हे पुस्तकाचे खरे बळ. शाळेच्या उंबरठ्याबाहेर काढलेली मुलगी शिस्त शिकत नाही. आपण नकोशी आहोत, एवढेच शिकते. दारात पणती ठेवताना यंदा मला तीच आठवेल.