शत्रूची जागा : युद्धखेळ आणि दृष्टिकोनाची समस्या

युद्धविषयक करमणुकीची समीक्षा बहुधा आशयापाशीच थांबते. कलाकृती युद्धाचा गौरव करते की निषेध, एवढेच तपासले जाते. परंतु युद्धवृत्ती दैनंदिन जीवनात रुजते ती आशयाइतकीच रूपबंधातून. अमेरिकी भूसेनेने ४ जुलै २००२ रोजी, म्हणजे त्या देशाच्या स्वातंत्र्यदिनी, इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून दिलेला ‘अमेरिकाज् आर्मी’ हा संगणकीय खेळ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. सैन्यभरतीला साहाय्य हा त्याचा उघड हेतू होता; २०२२ मध्ये तो बंद करण्यात आला.

या खेळाचा दृष्टिकोन प्रथमपुरुषी होता : सैनिकाला दिसते तेच खेळाडूला दिसे. दोन गट परस्परांशी लढत. मात्र प्रत्येक गटाला आपण अमेरिकी सैनिक आहोत असेच दिसे आणि समोरचा गट शत्रूच्या वेषात दिसे. एकच खेळाडू स्वतःच्या पडद्यावर रक्षक असे, तर त्याच क्षणी प्रतिपक्षाच्या पडद्यावर आक्रमक. परिणामी शत्रूची भूमिका कोणीच करीत नसे. शत्रू हे पात्र नव्हते. तो केवळ दुसऱ्याच्या नजरेचा परिणाम होता. मिथक इतिहासाला निसर्गाचे रूप देते, असे रोलाँ बार्थने १९५७ मध्ये ‘मिथॉलॉजीज्’मध्ये प्रतिपादिले होते. येथे रचलेले शत्रुत्व डोळ्यांना दिसणारी वस्तुस्थिती बनते. याउलट, इस्किलसच्या ‘पर्शियन्स’ (इ.स.पू. ४७२) या शोकात्मिकेत विजयी अथेन्सच्या प्रेक्षकांसमोर पराभूतांचा विलाप मांडला गेला होता. म्हणजे शत्रूची जागा घेऊन पाहणे हे युद्धविषयक कलेला अशक्य नव्हते. या खेळाने ते रचनेतूनच वगळले.

अशा संहितेला आतून विरोध शक्य आहे काय? जोसेफ डेलॅप या अमेरिकी कलावंताने २००६ पासून तसा प्रयत्न केला. ‘डेड-इन-इराक’ हे नाव धारण करून तो खेळात शिरे, शस्त्र खाली टाकी आणि खेळाडूंच्या संवादासाठी असलेल्या जागेत इराकमध्ये मृत्यू पावलेल्या अमेरिकी सैनिकांची नावे, वये व मृत्युदिनांक टंकित करी. इतर खेळाडू त्याला ठार करीत. पुढील फेरीत तो पुन्हा नावे लिहू लागे. ज्या खेळात मरण म्हणजे काही क्षणांची प्रतीक्षा, तेथे कायमच्या मृत्यूची नोंद होत होती.

या कृतीचे मोल निर्विवाद आहे. परंतु तिची मर्यादाही नोंदवली पाहिजे. त्या यादीत नावे होती ती अमेरिकी सैनिकांचीच. इराकी मृतांसाठी डेलॅपला पुढे स्वतंत्र स्मारक-प्रकल्प हाती घ्यावा लागला, तोही खेळाच्या बाहेर. खेळाचा दृष्टिकोन नाकारणाऱ्या कृतीतही शत्रूची जागा रिकामीच राहिली. म्हणूनच युद्धाच्या करमणुकीची समीक्षा करताना तीत काय दाखवले आहे, याच्याआधी तीत कोणाच्या जागी उभे राहता येत नाही, हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.