तोलाई आणि पाच तारे

आजचा विषय मी निवडलेला नाही, तो तुमच्या प्रश्नांतून आलाय. बुलढाणा, खामगाव, मलकापूर, चिखली, कुठेही बोलायला गेलो की कार्यक्रम संपल्यावर कॉलेजातली दोन-चार मुलं बाजूला येऊन हळूच विचारतात, "सर, घरबसल्या रिव्ह्यू लिहायचे पैसे देतात म्हणे. खरंच भेटतात का?"

या प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देतो. हो, कधी कधी भेटतात. पण "पैसे भेटतात का" हा प्रश्नच अपुरा आहे. पैसे कोण देतो आणि कशाचे देतो, हे विचारल्याशिवाय ती वेबसाइट विश्वासाची की नाही, ते कळत नाही.

आपल्या बाजार समितीचं उदाहरण घेऊ. सोयाबीन यार्डात येतं, मापाडी तोलतो आणि त्याला तोलाई मिळते. म्हणून मापाडी विकला गेला, असं कुणी म्हणतं का? नाही. मेहनत आहे, तिचा मोबदला आहे. पण समजा कुणी त्याच्या कानात सांगितलं, "क्विंटलमागे दोन किलो कमी दाखव, तुला वेगळे देतो," तर? ती तोलाई राहिली नाही. मोबदला काट्यावर काय दिसतं यावर ठरायला लागला की काटा खोटा झाला. आजच्या व्याख्यानात एवढंच सांगायचंय, बाकी सगळा त्याचाच विस्तार.

आता या वेबसाइट घ्या. माझ्या मते त्यांचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार शुद्ध फसवणुकीचा. अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपला मेसेज येतो. त्याची भाषा नीट वाचा. 'घरबसल्या', 'फक्त अर्धा तास', 'अनुभवाची गरज नाही', 'रोजची कमाई'. काम काय आहे, कुणासाठी आहे, त्याचा उपयोग काय, यावर एक वाक्य नसतं. ज्या जाहिरातीत मजुरी मोठ्या अक्षरात आणि काम कुठेच नाही, ती जाहिरात कामाची नसते.

पुढे काय होतं? नकाशावरच्या एखाद्या हॉटेलला पाच तारे द्यायचे, स्क्रीनशॉट पाठवायचा. खात्यावर शे-दीडशे रुपये खरोखर जमा होतात, आणि इथेच माणूस फसतो. ते पैसे म्हणजे गळाला लावलेलं आमिष. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात. तिथे बाकीचे 'आज इतके मिळाले' म्हणून नाचत असतात, आणि त्यातले बरेचसे त्यांचेच. मग 'प्रीपेड टास्क' येतं. हजार भरा, तेराशे घ्या. एक-दोनदा तेही मिळतात. मग रक्कम वाढते. वेबसाइटवर तुमच्या नावाने मोठा आकडा दिसत राहतो, पण काढायला गेलात की 'आधी टॅक्स भरा', 'एक टास्क चुकलं, पुन्हा भरा'. स्क्रीनवरचा तो आकडा म्हणजे पैसा नाही, नुसतं चित्र आहे.

मी घाबरवत नाहीये. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने अशा गुंतवणूक आणि टास्कच्या नावाने फसवणाऱ्या १०० पेक्षा जास्त वेबसाइट बंद केल्या. त्या परदेशातून चालत होत्या, आणि त्यांचं लक्ष्य होतं निवृत्त कर्मचारी, महिला आणि बेरोजगार तरुण, असं सरकारनेच सांगितलं. नियम सोपा ठेवा. काम देणारा तुमच्याकडेच पैसे मागतो, तिथे काम नाही.

दुसरा प्रकार जास्त अवघड, कारण इथे पैसे खरंच मिळतात. वस्तू मागवा, पाच तारे द्या, वस्तूची किंमत परत घ्या, वर थोडं कमिशन. यामागे मोठी दलाली आहे. जुलै २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉनने फेसबुकवरच्या १० हजारांहून जास्त ग्रुपांच्या चालकांवर दावा लावला, तो असे रिव्ह्यू जमवतात म्हणूनच. या प्रकारात तुम्ही फसत नाही, तुम्ही फसवता. तो मापाडी तुम्ही असता.

कुणी म्हणेल, "सर, एका ताऱ्याने काय फरक पडतो?" आपल्याच जिल्ह्यात बघू. लोणारचं सरोवर २०२० मध्ये रामसर यादीत गेलं. बाहेरून बघायला येणारा माणूस पुण्या-मुंबईत बसून मुक्कामाची जागा फोनवर शोधतो. लोणारला उल्का एकच पडली, तारे मात्र लॉजांवर रोज पडतात. (हशा) हसू नका, त्यातले काही विकत आणलेले असू शकतात. शेजारी एखादा प्रामाणिक माणूस स्वच्छ चादरी घालतो, गरम जेवण देतो, आणि त्याच्याकडे चारच रिव्ह्यू आहेत. तो मागे पडतो. त्याला मागे टाकणारा तारा कदाचित मलकापूरच्या एखाद्या मुलाने दीडशे रुपयांत दिलेला असतो, आणि त्या मुलाने लोणार पाहिलेलंही नसतं.

तिसरा प्रकार नीट समजून घ्या, नाहीतर पैसे घेऊन लिहिणारे सगळेच खोटे, असा निष्कर्ष निघेल आणि तो चूक आहे. मराठी नियतकालिकांत पुस्तक-परीक्षणं येतात. प्रकाशक परीक्षणासाठी प्रती पाठवतो, संपादक त्या परीक्षकाला देतो, आणि जमलं तर थोडंफार मानधनही देतो. पण ते मानधन संपादकाचं असतं, लेखकाचं नव्हे, आणि पुस्तकाला नावं ठेवली तरी तेवढंच मिळतं. ही खरी तोलाई. एखादी वेबसाइट कोणत्याही मताला सारखाच मोबदला देत असेल, नकारात्मक रिव्ह्यूही तसाच छापत असेल आणि 'मोबदला दिला आहे' हे वाचणाऱ्याला स्पष्ट सांगत असेल, तर तिला मी बेइमान म्हणणार नाही. मात्र अशा जागा थोड्या आहेत, आणि त्यांवर घर चालत नाही.

कायद्याचं काय? भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९०००:२०२२ हे मानक आणलं. ऑनलाइन रिव्ह्यू कसे जमवायचे, तपासायचे, प्रसिद्ध करायचे, ते त्यात आहे. विकत घेतलेले किंवा त्यासाठी माणसं नेमून लिहून घेतलेले रिव्ह्यू छापू नयेत, असं ते म्हणतं. चांगलं आहे. पण माझी टीका अशी की ते ऐच्छिक आहे. काटा तपासून घेणं व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडलं तर कोणता काटा आधी तपासणीला येईल? जो आधीच बरोबर आहे तोच. अमेरिकेत २०२४ मध्ये खोट्या रिव्ह्यूंच्या खरेदी-विक्रीवर थेट बंदीचा नियम आला, दंडासकट. आपल्याकडे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाखांपर्यंत दंड आहे, पण हजारो नावांनी विखुरलेले तारे त्या जाळ्यात पकडायचे कसे?

आता मुलांची बाजू. कापसाला भाव नाही, भरती निघत नाही, हातात फोन आहे. अशा मुलाला नीतीचे धडे देणं मला सोपं आहे, हे मला कळतं. म्हणून धडा नको, तीन प्रश्न घेऊन जा. माझ्याकडे पैसे मागतात का? मी एक तारा दिला तरी तेवढेच पैसे देतील का? पैसे घेतले हे रिव्ह्यूखाली लिहू देतील का? पहिल्याचं उत्तर 'हो' आलं, किंवा पुढच्या दोनांपैकी एकाचंही 'नाही' आलं, तर नंबर ब्लॉक करा.

आणि कुणी आधीच अडकलं असेल तर लाजू नका. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा. पैसा पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर तो थांबवता येण्याची शक्यता जास्त. घरच्यांनीही आधी रागावू नये. रागाच्या भीतीने पोरं दोन दिवस गप्प बसतात, आणि चोराला तेवढेच दोन दिवस हवे असतात.

थांबतो. प्रश्न असतील तर विचारा.