प्रवासवर्णनांतली हरवलेली बॅग

मराठी प्रवासवर्णनांवर थोरामोठ्यांनी आजवर पुष्कळ टीका केली आहे. एका बँकेतल्या कारकुनाने, तेही लोहाऱ्यात बसून, त्यात भर घालावी असं काही उरलेलं नाही. पण माझी तक्रार वाङ्मयीन नाही, हिशेबाची आहे. या पुस्तकांत माणसं विलायतेला पोचतात, पण त्यांच्या बॅगा कोणी भरल्या, याची नोंद कुठेच सापडत नाही.

झालं असं, की टोरांटोच्या मेहुण्याने डिसेंबरची तिकिटं पाठवली. मी, सौ., साडेतीन वर्षांचे चिरंजीव आणि दीड वर्षाची कन्या. (माझं लग्न उशिरा झालं, बढती अजून व्हायची आहे.) आमच्याकडे थंडी म्हणजे सकाळी नऊपर्यंत कानाला मफलर. तिकडे पारा उणे दहापर्यंत उतरतो म्हणे! उणे हा प्रकार मी फक्त लोकांच्या खात्यांत पाहिलेला. बाजारात जाऊन म्हटलं, "लेकरांसाठी उणे दहाचं काहीतरी दाखवा." दुकानदाराने माकडटोपी काढली. मी गप्प बघून त्याने दुसरी काढली आणि म्हणाला, "एकावर एक घाला की!"

अडचण आली की कारकून जुनी फाइल काढतो. मी वाचनालयातून प्रवासवर्णनं आणली. अनंत काणेकरांचं ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (1940) आधी उघडलं, कारण थंडीची हमी शीर्षकातच होती. धुकं मिळालं, तारा मिळाला. पायमोजे मिळाले नाहीत. पु.लं.ची ‘अपूर्वाई’ (1960) वाचताना इतका हसलो, की सौ.ने येऊन विचारलं, "यादी झाली का?" पण पु.लं. आणि सुनीताबाई दोघेच गेले होते. ज्याच्या कडेवर मूल नाही, त्याला नदीकाठी उभं राहून चिंतन करता येतं. आमच्या नशिबी नदीकाठी उभं राहून शेंबूड पुसणं होतं.

माझा आक्षेप नेमका इथे आहे. आपल्या प्रवासवर्णनातला प्रवासी हा बहुधा मोकळ्या हातांचा माणूस असतो. त्याला पुतळे दिसतात, संस्कृती दिसते. भूक, शू आणि झोप एकाच वेळी लागलेलं मूल दिसत नाही.

आणि अशी आई मराठीत झालीच नाही, असंही नाही. पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडला निघाल्या, तेव्हा त्यांची मनोरमा जेमतेम दोन वर्षांची होती. नवरा आदल्याच वर्षी वारलेला. पुढे 1886 च्या ऐन थंडीत त्याच लेकीला घेऊन त्यांनी अटलांटिक ओलांडला आणि आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभाला फिलाडेल्फिया गाठलं. इतिहास त्यांची विद्वत्ता सांगतो, धैर्य सांगतो. मला विचाराल तर त्या बोटीवर मनोरमेच्या अंगात कपड्यांचे किती थर होते, हेही इतिहासातच जमा व्हायला हवं होतं.

कारण थर हेच सगळं रहस्य आहे. मेहुण्याने फोनवर ते दोन मिनिटांत सांगितलं. एका जाड कपड्यापेक्षा तीन पातळ बरे, मधली हवा ऊब धरते. अंगालगत सुती नको. सुती कपडा घाम पितो आणि ओलाच राहतो. लोकर ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही. हातमोजे बोटाबोटांचे नकोत, पिशवीसारखे हवेत, म्हणजे बोटं एकमेकांना शेकतात. म्हणजे आमचा माकडटोपीवाला शास्त्रशुद्ध बोलत होता आणि मी पदवीधर त्याला हसत होतो!

बॅगा भरून झाल्या आणि आईने तिची घोंगडी आणून वर ठेवली. मी म्हटलं, "अगं, माणशी वजन ठरलेलं असतंय. विमान आहे ते, एस.टी. नाही."

"आसू दे. तेव्हा काय वजन करून घेतली व्हती?"

मी गप्प झालो. 30 सप्टेंबर 1993. पहाटेचे चार वाजायचे होते, गणपती बुडवून गाव झोपलं होतं. जमीन हलली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. आई दागिन्यांकडे गेली नाही, धान्याकडे गेली नाही. एका हाताने मला आणि दुसऱ्या हाताने ही घोंगडी ओढत ती अंगणात आली. पुढे पाऊस लागला. त्या पावसात आम्ही हिच्याखाली बसून होतो. सास्तूरकडच्या बातम्या यायला लागल्या, त्याही हिच्याखालीच ऐकल्या. लोकरीबद्दल मेहुण्याने जे फोनवर सांगितलं, ते आईला बत्तीस वर्षांपासून ठाऊक होतं.

निघायच्या आदल्या दिवशी ओळखीच्या अडत्याकडे धान्याच्या काट्यावर बॅगा ठेवल्या. मर्यादा तेवीस किलोची, काटा चोवीसच्या पुढे. सौ.ने बॅग उघडली. वाटेत वाचायला म्हणून मी विकत घेतलेली चार प्रवासवर्णनं बाहेर काढली आणि घोंगडी पुन्हा नीट घडी करून ठेवली.

काटा तेवीसवर स्थिरावला. मराठी प्रवासवर्णनांवर याहून नेमकी टीका मला करता येणार नाही.