‘स्मृतिचित्रे’ : उघड श्रद्धेची किंमत कोण मोजतं?

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण किर्केगार्दपाशी थांबलो होतो. त्याची तक्रार अशी, की डेन्मार्कमध्ये सगळेच जन्माने ख्रिस्ती, म्हणून ख्रिस्ती असण्याला काही किंमतच पडत नाही. आज उलट बाजू पाहू. जिथे किंमत पडते, आणि जबर पडते, तिथे काय होतं? त्यासाठी युरोपात जायला नको. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ आपल्या मराठीतच आहे. ते १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालं.

या पुस्तकाचं आपण एका शब्दात कौतुक करतो: विनोदी. विनोद आहेच. पण त्याच्या आड आपण एक प्रश्न सोयीस्करपणे टाळतो. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तेव्हा बायको सोबत नव्हती. ज्यांनी निर्णय घेतला ते टिळक. तो निर्णय ज्यांना निस्तरावा लागला त्या लक्ष्मीबाई! पदरी लहान मुलगा, नातेवाइकांचा आधार, लोकांचे टोमणे. टिळकांचं धैर्य खरं होतं, मला त्याबद्दल शंका नाही. पण एकाच्या श्रद्धेची किंमत दुसऱ्याने मोजावी का, हा प्रश्न नीतिशास्त्राचा आहे. लक्ष्मीबाई तो शब्दांत विचारत नाहीत. घडलं ते सांगतात, आणि प्रश्न आपल्या अंगावर येतो.

पुढे त्या नवऱ्याकडे परत आल्या, पण ख्रिस्ती म्हणून नव्हे. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कडक. आता बघा, इथे जुळवून घेण्याचा दबाव दुसऱ्या बाजूने आहे. भोवती सगळे ख्रिस्ती, आणि ही बाई त्यांच्यासारखी व्हायला तयार नाही! मग स्वतःच्याच विचाराने त्यांच्या लक्षात आलं, की जात माणसाने केली, देवाने नाही. आणि त्यांनी कुणाच्याही हातचं पाणी घ्यायला सुरुवात केली. हे बाप्तिस्म्याच्या आधी. बाप्तिस्मा १९०० मध्ये. आधी पाण्याचा तांब्या, मग संस्कार, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

टिळकांवरही दोन्हीकडून दबाव होता. जातभाईंना ते बाटलेले वाटत. मिशनच्या चौकटीत त्यांचा देशी बाणा मावत नसे. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि भजनांत आणली, तुकोबांचं ऋण उघड मानलं. शेवटी १९१७ मध्ये मिशनची चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. श्रद्धा उघडपणे जगणं म्हणजे नुसता नवा गट धरणं नव्हे, हे त्यांनी दाखवलं.

पुस्तकात एक उणीव मला जाणवते. ख्रिस्तच का, याचं उत्तर लक्ष्मीबाई फारसं उलगडत नाहीत. जात का सोडली ते कळतं, येशू का धरला ते तितकं कळत नाही. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे खटकतं. पण टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं राहिलं, ते पुढे त्यांनीच लिहून पूर्ण केलं. उत्तर कदाचित तिथे शोधायला हवं.

जाता जाता एक आठवण. कॉलेजात माझे एक ख्रिस्ती सहकारी होते. डबा उघडण्याआधी प्रार्थना करायचे, पण डोळे उघडे ठेवून, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून. मला ते कळायला अकरा वर्षं लागली. मी त्यांना विचारलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “सर, उगाच चर्चा नको.” त्या टेबलावर आम्ही सहा-सातजण होतो, सगळे स्वतःला उदार समजणारे. डोळे मिटायची त्यांना भीती वाटावी, असं आमच्यात काय होतं? ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना लक्ष्मीबाईंच्या बाजूने उभं राहणं सोपं आहे हो. पण त्यांना टोमणे मारणारी ती माणसं कोण होती, तेही एकदा नीट पाहा. मला त्यांत आमचं टेबल दिसलं.